अँटीबॉडीसाठी जिल्ह्यात एक फ्रीजर द्या

मा. संपादक,

मे महिन्यात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. अंड्याचं कवच पातळ पडतं, ट्रेमध्येच तडकतं, हीच तक्रार ऐकू येईल. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात उन्हानं ती दाणाही कमी खाते. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते वाहून नेण्यात कॅल्बिंडिन या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. वासरमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ते कोंबडीच्याच आतड्यात दाखवलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंबडीच्या कवचग्रंथीत हे प्रथिन किती उरतं, हा माझ्या विद्यार्थिनीच्या पीएच.डी.चा विषय आहे.

त्यासाठी अँटीबॉडी लागते, म्हणजे नेमकं कॅल्बिंडिनलाच चिकटून ते नमुन्यात आहे का हे दाखवणारं प्रथिन. कुपीत १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि तेवढ्यासाठी हजारो रुपये. आमची कुपी जेल पॅकसकट निघाली खरी, पण एका कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात शनिवार-रविवार पडून राहिली. खोकं उघडलं तर जेल पॅक कोमट. अँटीबॉडी एखादा दिवस बाहेर राहिली तर सहसा बिघडत नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको. पुढे आमच्याकडे लाईन जाते, फ्रीजरमधलं वितळतं, पुन्हा गोठतं, आणि त्यानंही अँटीबॉडी खराब होते.

ब्लॉट केला, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर घेतली आणि त्यावर अँटीबॉडी लावली, तेव्हा कवचग्रंथीच्या रांगेत २८ किलोडाल्टनच्या, म्हणजे कॅल्बिंडिनच्या आकाराच्या जागी पट्टा उमटला नाही. विद्यार्थिनीनं शेजारी लहान आतड्याचा नमुना लावला होता. तिथं हे प्रथिन भरपूर असतं. तीही रांग कोरी. त्याच पडद्यावर जवळपास प्रत्येक पेशीत असणाऱ्या आणि वेगळ्या अँटीबॉडीनं तपासलेल्या प्रथिनाचा, म्हणजे अ‍ॅक्टिनचा पट्टा मात्र स्वच्छ आला, म्हणजे बाकी सगळं ठीक होतं, निकामी झाली होती ती कॅल्बिंडिनची अँटीबॉडी. आतड्याची ती रांग नसती, तर ‘उन्हाळ्यात कॅल्बिंडिन नाहीसं होतं’ असं प्रबंधात छापलं गेलं असतं. आणि पटण्यासारखं असल्यामुळे कोणी शंकाही घेतली नसती! पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण या गोष्टीनं माझी झोप उडाली आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीत लसींशिवाय काही ठेवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक जिल्ह्यात एका महाविद्यालयात उणे २० अंशांचा, बॅटरीची जोड असलेला फ्रीजर द्यावा. तो आपोआप बर्फ वितळवणारा नसावा, त्यात आतलं तापमान सारखं वरखाली होतं. अँटीबॉडी विद्यापीठानं मागवावी, आल्याबरोबर खात्रीच्या नमुन्यावर तपासावी आणि लहान लहान कुप्यांत वाटून द्यावी. ब्लॉटसाठी ती बहुधा हजार पट पातळ करून वापरतात, त्यामुळे एका कुपीत कितीतरी विद्यार्थ्यांचं काम भागेल. उन्हाळ्यात शुक्रवारी माल पाठवू नये, एवढी अट पुरवठादाराच्या ऑर्डरमध्येच घालता येईल.

यवतमाळ जिल्ह्यासाठी जागा आणि रोजची तापमानाची नोंद, दोन्ही आमचा विभाग सांभाळील.

प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ