कलादालनाचा संचालक कोण नेमणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सत्तांतर झाले की समित्या आणि महामंडळे बदलतात, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या फेऱ्यात कलासंस्था सापडल्या तरी फारसे कुणी बोलत नाही. म्हणूनच पोलंडमधील ‘झाखेंता’ या राष्ट्रीय कलादालनाची अलीकडची हकिकत कोल्हापूरच्या कलावंतांनी मुद्दाम समजून घ्यावी.

समकालीन कलेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वॉर्सातील या दालनाच्या संचालक हान्ना व्रुब्लेव्स्का यांची मुदत २०२१ अखेर संपली, तेव्हा तत्कालीन सांस्कृतिक मंत्र्यांनी ती वाढवली नाही आणि खुली निवड न करता यानुश यानोव्स्की या चित्रकाराला थेट नेमले. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि नव्या मंत्र्यांनी काही आठवड्यांतच यानोव्स्कींना मुदतीआधी दूर केले. पुढे मे २०२४ मध्ये व्रुब्लेव्स्का स्वतःच सांस्कृतिक मंत्री झाल्या!

व्हेनिस द्वैवार्षिक या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातील पोलंडच्या दालनाची जबाबदारीही झाखेंताकडेच असते. आधी निवड झालेल्या पोलिश चित्रकाराचा प्रकल्प यानोव्स्कींना दूर करणाऱ्या त्याच मंत्र्यांनी रद्द करून युक्रेनियन कलावंतांच्या गटाला संधी दिली. युद्धामुळे घर सोडावे लागलेली माणसे पडद्यावर तोंडाने शस्त्रांचे आवाज काढून दाखवतात आणि प्रेक्षकांना समोरच्या मायक्रोफोनवर तेच आवाज काढायला सांगतात, अशी ती कलाकृती होती. कलाकृती म्हणून ती कितीही प्रभावी असली, तरी निवड समितीचा निर्णय मंत्र्याने फिरवला ही गोष्ट उरतेच. माझ्या मते झाखेंताची नवी सुरुवात यानोव्स्की गेले त्या दिवशी नव्हे, तर २०२४ मध्ये रीतसर स्पर्धेतून अग्निएश्का पिंदेरा यांची संचालकपदी निवड झाली तेव्हा झाली.

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या शहरात चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतील आपले घर चित्रांसह शासनाच्या हाती सोपवले. इतका विश्वास टाकणाऱ्या या गावात समकालीन कलेच्या संग्रहालयाचा विषय निघतो, तेव्हा चर्चा जागा, निधी आणि कोनशिलेवरच्या नावांपाशीच घुटमळते. (कोनशिलेची घाई आपल्याकडे नेहमीच जास्त.) संचालक कोण नेमणार, त्याला मुदतीआधी काढायचे तर कारण लेखी द्यावे लागेल की नाही, आणि चित्रांची खरेदी ठरवणाऱ्या समितीत चित्रकार व कलेचे अभ्यासक बहुसंख्य असतील की नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

असे संग्रहालय उभारण्याचा प्रस्ताव जेव्हा केव्हा मांडला जाईल, तेव्हा त्याच्या नियमावलीचा मसुदा भूमिपूजनाआधी जाहीर करून त्यावर हरकती व सूचना मागवाव्यात, आणि शहरातील कलासंस्थांनी ही मागणी कोणत्या पक्षाची सत्ता आहे हे न पाहता आतापासूनच लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक कलाप्रेमी वाचक, कोल्हापूर