गलबताच्या पट्ट्या पावसाळ्यात जपून चिकटवा

महोदय,
दिवाळीच्या किल्ल्याशेजारी लाकडी गलबत मांडायचे, तर काम पावसाळ्यातच सुरू होते आणि पुण्याची दमट हवा तिथेच घात करते. सांगाड्यावर चढवायची १ मिमी जाडीची पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, वाकवून चिमट्यांनी जागेवर धरावी, रात्रभर पूर्ण वाळू द्यावी आणि मगच चिकटवावी. ओलीच चिकटवली की वाळताना ती रुंदीत आकसते. मग दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट उघडते आणि ती लांबीभर दिसत राहते. लाकडाच्या रेषा तिरक्या असलेली पट्टी वाकवताच चिरते, ती बाजूलाच ठेवावी. डोलकाठी आधी चौकोनी, मग अष्टकोनी तासून शेवटी गोल करावी. पट्टीत खिळा ठोकण्याआधी ०.५ मिमीचे छिद्र हवेच. पहिल्याच चिरलेल्या पट्टीपाशी मुलांची हौस मोडू नये, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

– एक वाचक, पुणे