उंदीर एका गोठ्याचे नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे आपल्या पुरवणीत उंदीर पळवण्याचे घरगुती उपाय आले होते. पुदिन्याच्या तेलाचा बोळा ठेवा, कापूर ठेवा, तुरटीचं पाणी शिंपडा. लिहिणाऱ्यांनी फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला एखाद-दुसरा उंदीर बघितला असावा. मी कापूर ठेवून बघितला. सकाळी कापराच्या वडीला लागूनच लेंड्या पडलेल्या होत्या. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबेल, पण काटछाट करताना औषधाची प्रमाणं तेवढी कापू नका.

मी करवीर तालुक्यातली, पंचगंगेच्या काठच्या गावातली. दावणीला पाच म्हशी, एक गाय, दोन रेडकं. आमचे मालक गेल्यापासून गोठा मी आणि सून बघतो. गोठा सासऱ्यांच्या हातचा: मातीच्या भिंती, वर कौलं, आढ्याखाली वैरणीचा माळा, मागं परड्यात पिंजराची, म्हणजे वाळल्या काडाची गंजी आणि तिला टेकूनच उकिरडा. उंदरांना विचारून बांधला असता तरी असाच बांधला असता.

उंदीर गोठ्यात कायमचेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गेल्या दोन वर्षांत डोक्यावरून पाणी गेलं. आढ्यावरनं पळणारे काळे, लांब शेपटीचे वेगळे. गव्हाणीच्या बुडाशी घुशी, एका रात्रीत पाटीभर माती बाहेर काढून ठेवणाऱ्या. पेंडीच्या पोत्यात बारके ते तिसरेच. (चिचुंद्रीला मी यात धरत नाही. वास मारते खरी, पण ती किडे खाते. तिला मारू नये.) कडबाकुट्टीच्या, म्हणजे वैरण कापायच्या यंत्राची वायर दोनदा कुरतडली. एकदा ठिणगी उडाली, खाली वाळलं पिंजर होतं. सून शेजारीच होती म्हणून निभावलं.

आमच्या भागातल्या कृषी सहायकांनी एकदा हिशेब मांडून दाखवला. मोठा उंदीर दिवसाला वीसेक ग्रॅम खातो. गोठ्यात पन्नास धरले तर दिवसाला किलोभर पेंड गेली. म्हणजे ५० किलोचं एक पोतं दीड-पावणेदोन महिन्यांत उंदरांच्या पोटात. शिवाय मुतून ठेवतात ते वेगळंच. म्हैस आंबोणाला, म्हणजे भिजवलेल्या खाद्याला हुंगते आणि तोंड फिरवते, त्या पाटीचं काय करायचं? एका संध्याकाळी धार काढताना आढ्यावरनं उंदीर थेट म्हशीच्या पाठीवर पडला. तिनं चरवी लाथाडली, मी बाजूला पडले, आणि पुढचे चार दिवस तिनं पान्हा चोरला. हे नुकसान कुठल्या वहीत लिहायचं?

पिंजऱ्यापासून सुरुवात केली. आमिषाला कांदाभजी. पहिल्या रात्री एक सापडला, दुसऱ्या रात्री एक, तिसऱ्यापासून कुणी फिरकेना. पिंजऱ्यालगत लेंड्या पडायच्या, आत भजी तशीच. चूक माझीच होती हे नंतर कळलं. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. चार-पाच दिवस पिंजरा चाप न लावता, दार उघडं बांधून, आत खाणं घालून ठेवायचा. भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण तो भिंतीच्या कडेकडेनंच पळतो. आणि एक नाही, एकदम आठ-दहा लावायचे. एकेक धरत बसलं की बाकीचे शहाणे होतात.

मग मुलानं दिवाळीत एक मशीन आणलं. भिंतीत प्लग लावायचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज उंदरांना पळवतो म्हणे. तो आवाज भिंतीतनं आणि पोत्यांतनं पार होत नाही हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. आठ दिवसांनी मशीनवरच उंदीर बसलेला दिसला. मुलाला फोटो पाठवला, त्यानं फोन केला नाही.

त्यानंतर विषाची पाळी, आणि ही गोष्ट मला अजून सलते. दुकानदारानं कागदात काळी पूड बांधून दिली. वर नाव नाही, प्रमाण नाही. "चिमूटभर कालवा, मावशी." मी सुकट घालून भाकरीत कालवली आणि माळ्यावर उघडी ठेवली. उंदरांनी कडेकडेनं कुरतडली. दोन मेले. पण आमची मांजर ती सुकट खाऊन पहाट उजाडायच्या आत गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाशी लसणासारखा वास आला त्यावरून सांगितलं, हे झिंक फॉस्फाईड. पोटात गेलं की आम्लाशी मिळून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. शेजारच्यांचा कुत्रा मागे ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या दुसऱ्या विषाच्या वडीनं आजारी पडला होता, त्याला व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं देऊन वाचवता आलं. आमच्या मांजरीला ती संधी नव्हती. उंदीर मारायला निघाले आणि उंदीर खाणारीच मारून बसले.

वर आणखी एक. उंदराला उलटी होत नाही. म्हणून नवं खाणं तो आधी चाखतो आणि वाट बघतो. चाखून पोटात दुखलं तर पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. माझ्या गोठ्यातले उंदीर पुढं महिनाभर साध्या भाकरीलाही शिवले नाहीत. पेंडीचं पोतं मात्र चालू होतं.

गोठ्यातल्या धामणीचंही सांगते. चार वर्षांपूर्वी गंजीत एक मोठी धामण राहायची. सासूबाई म्हणायच्या, ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. भावकीतल्या पोरांनी काठ्या घेतल्या आणि मारली. सापाला सड ओढून दूध पिता येत नाही, धामणीला विष नसतं आणि तिचं पोट उंदरांवर चालतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. तरी मी गप्प बसले. उंदीर तेव्हापासूनच वाढले असं छातीठोक म्हणणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात गव्हाणीखाली घोणस निघाली, तीही उंदरांच्या वासावरच आली असणार. बिनविषारी मारून विषारीला जागा करून दिली. तसंच घुबडाचं. आमच्याकडं त्याला अशुभ मानून दगड मारतात. पांढऱ्या तोंडाच्या त्या घुबडाचं नावच गव्हाणी घुबड, आणि गव्हाणीत ते कशासाठी येतं हे नाव ठेवणाऱ्यानं बघितलेलं होतं.

आता मुद्द्यावर येते. जानेवारीत आमच्या बाजूच्या उसाला तोड आली. टोळी शेवटच्या चार सऱ्यांवर आली की काय होतं ते ऊस असलेल्या कुणालाही विचारा. सगळ्या फडातले उंदीर त्या चार सऱ्यांत गोळा होतात आणि एकदम बाहेर फुटतात. कुत्री वेडी होतात, पोरं काठ्या घेऊन पळतात. त्यातले मरतात किती? बाकीचे बांध ओलांडून जवळच्या गोठ्यात येतात. तिथं वैरण, पाणी, ऊब, सगळं तयार. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिलं, आणि ती तीन महिन्यांची झाली की त्यांचाही संसार सुरू. मी माझ्या गोठ्यात दहा मारले तर रिकामी जागा शेजारच्या गोठ्यातले महिन्याभरात भरून काढणार. माझं दीड वर्ष असं गेलं. एका गोठ्यात उंदीर मारणं म्हणजे वाहत्या पाटात बादलीनं पाणी उपसणं.

आमच्या बोळात सात गोठे. मी सगळ्यांच्या दारात गेले. दोघांनी लगेच हो म्हटलं. एक म्हणाले, "आमच्यात उंदीरच नाहीत." त्यांच्या न्हाणीच्या मोरीतनं घुशी आत-बाहेर करतात हे बोळातल्या सगळ्यांना माहीत आहे. एका काकींनी गणपतीचं वाहन म्हणून नकार दिला. तिथं सासूबाई कामाला आल्या. म्हणाल्या, "वाहन मखरात बसू दे की, पेंडीच्या पोत्यात कशाला?" काकी हसल्या आणि तयार झाल्या. असे करत सातही गोठे झाले.

फेब्रुवारीत पहिले आठ दिवस एकही उंदीर मारला नाही. पेंड, भरडा, भुसा सगळं झाकणाच्या लोखंडी पिंपांत भरलं. दोनशे लिटरचं जुनं पिंप भंगारवाल्याकडं मिळतं, पण आधी त्यात रसायन होतं का ते विचारून घ्या. गंजी भिंतीपासून दोन हात लांब, दगडांवर दीड फूट उंच रचली. उकिरडा हलवला. गव्हाणीतलं उरलेलं आंबोण रात्री काढून ठेवायला लागलो. मग संध्याकाळी सातही गोठ्यांतली दिसतील ती बिळं मातीनं बुजवली. सकाळी जी पुन्हा उघडलेली, तीच नांदती. ६३ निघाली. "आमच्यात उंदीरच नाहीत" वाल्यांकडं त्यातली १४.

तीन रात्री नुसता भरडा, तेल लावून, बिळात घातला. विष नाही. सगळ्यांच्या मनात तेव्हा एकच, ही बाई उंदरांना जेवायला घालते. चौथ्या दिवशी कृषी सहायकांच्या देखत औषध कालवलं: ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड. पाणी अजिबात नाही. हातात मोजे, तोंडाला रुमाल, काठीनं ढवळायचं, वारं पाठीवर घ्यायचं, पोरांना घरात कोंडायचं. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून थेट बिळात खोल सारल्या आणि बिळं बंद केली. उघड्यावर एक दाणा ठेवला नाही. सातही गोठ्यांत एकाच संध्याकाळी. सकाळी बाहेर पडलेले ४१ सापडले, बिळात किती गेले देव जाणे. चिमट्यानं उचलून खोल खड्ड्यात पुरले.

जे शहाणे उरले त्यांच्यासाठी पंधरा दिवसांनी ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या, पाईपच्या तुकड्यात तारेनं बांधून, आढ्यावर ठेवल्या. ते खाल्ल्यावर उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो, त्यामुळं कशानं दुखलं ते बाकीच्यांना उमगत नाही. पण असला मेलेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर त्यालाही बाधतं, म्हणून रोज सकाळी माळा धुंडाळायचा. शेवटी बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं भरली. मोठा उंदीर अंगठा जाईल एवढ्या भोकातनं सहज जातो, तेवढी भोकं बारीक जाळीनं बंद केली. मार्चमध्ये पुन्हा बिळं बुजवून मोजली. सात गोठ्यांत मिळून ५.

पेंडीपेक्षा मला दुसरी भीती जास्त आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी गाठतं तेव्हा काठची बिळं बुडतात आणि उंदीर आमच्याबरोबरच वर येतात. २०१९ ला जनावरं हलवून परत आलो तर माळ्यावर तेच बसलेले. २०२१ च्या पुरानंतर पुतण्या लेप्टोनं (लेप्टोस्पायरोसिसनं) आजारी पडला. डोळे पिवळे, पोटऱ्या ठणकत होत्या, दवाखान्यात राहावं लागलं. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातनं, पायाच्या भेगांतनं जंतू आत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच साली माझी एक म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. ते लेप्टोनंच झालं असं म्हणत नाही, कारणं दुसरीही असतात. पण तेव्हापासून गोठ्यात आम्ही दोघी गमबूट घालतो. बायका हसतात.

माझं मागणं एवढंच. दूध संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी मिळून तारीख धरावी, अख्ख्या गावाची एकच. वर्षातून दोनदा: ऊसतोड संपली की एकदा, आणि वळवाचे पाऊस लागायच्या आत मे महिन्यात एकदा, कारण तेव्हा शिवारात खायला कमी असतं आणि उंदीर आमिषाला येतात. लाळ्या-खुरकूतच्या लसीची दवंडी पिटता येते, तर याचीही पिटता येईल. सुट्या कागदात काळी पूड विकणं बंद व्हावं. सीलबंद पाकीट, त्यावर मराठीत प्रमाण, हे मागणं फार मोठं नाही. आणि आपल्या पुरवणीत कापराच्या जागी बिळं मोजायची रीत छापावी.

आमच्या बोळानं पुढची तारीख मे महिन्यातला दुसरा रविवार धरली आहे. पलीकडच्या गल्लीनं अजून होकार दिलेला नाही.

आपली,
एक दूध उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर

(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. पलीकडच्या गल्लीत माझी भावकी राहते.)