१२० कुत्रे आणि दोन कुबड्या

पुणे,
रविवार रात्र

प्रिय शशी,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला प्याँगयांगचा, उत्तर कोरियाच्या राजधानीचा, व्हिडिओ दोनदा पाहिला. फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर आपण भांडलो असतो, म्हणून लिहायला बसलो. तू विचारतोस, "रस्ते बघ, पोहणारी पोरं बघ, मेट्रोतली झुंबरं बघ. आणि आपल्याला इतकी वर्षं काय सांगत आले?" प्रश्न रास्त आहे. त्या सांगणाऱ्यांत मीही होतो.

जानेवारी २०१४. दैनिकाच्या डेस्कवर माझी रात्रपाळी होती. उत्तर कोरियाचा सर्वेसर्वा किम जोंग-उन यानं सख्ख्या आत्याच्या नवऱ्याला, जांग सोंग-थेकला, १२० उपाशी कुत्र्यांपुढे टाकलं, अशी बातमी जगभर चालली होती. तासाभरात मी भाषांतर केलं, तीन कॉलमी मथळा दिला आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर दोघं जण तीच बातमी एकमेकांना वाचून दाखवत होते, ते पाहून मला बरं वाटलं होतं. थोड्याच दिवसांत मूळ सापडलं. चीनमधल्या एका विडंबन लिहिणाऱ्यानं समाजमाध्यमावर टाकलेला तो मजकूर होता. हाँगकाँगच्या 'वेन वेई पो'नं तो छापला, सिंगापूरच्या 'स्ट्रेट्स टाइम्स'नं तिथून उचलला आणि पुढे सगळ्यांनी.

जांगला मारलं होतं, हे मात्र खरंच. ८ डिसेंबर २०१३ ला पक्षाच्या बैठकीत त्याला सगळ्या पदांवरून काढलं, १२ तारखेला लष्करी न्यायाधिकरणानं मृत्युदंड दिला आणि तो लगेच अमलातही आणला. हे उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनं स्वतःच जाहीर केलं, 'कुत्र्याहून नीच' अशा शब्दांत त्याचा उद्धार करून. चार दिवसांत माणूस संपवला. एवढं पुरेसं भयंकर होतं, पण आम्हाला ते पुरलं नाही. खुलासा आम्ही कधीच छापला नाही.

मला सलतं ते पुढचं. १७ फेब्रुवारी २०१४ ला उत्तर कोरियातल्या मानवी हक्कांवर संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. ऑस्ट्रेलियाचे माजी न्यायमूर्ती मायकेल कर्बी अध्यक्ष होते. आयोगाला देशात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावण्या झाल्या. ऐंशीहून अधिक माणसांनी उघडपणे साक्ष दिली. राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार लोक असल्याचा अंदाज त्यात होता. आमच्या पानावर ही बातमी खालच्या कोपऱ्यात, एका कॉलमात गेली. जाहिरात वाढली म्हणून तिच्या शेवटच्या चार ओळी मीच कापल्या.

अशा बातम्या का खपतात, हे डेस्कवर बसणाऱ्याला ठाऊक असतं. 'नाव न सांगण्याच्या अटीवर' कुणीतरी बोलतो, पडताळायला जाता येत नाही आणि समोरून कुणी नोटीस पाठवत नाही. ह्योन सोंग-वोल या गायिकेला गोळ्या घातल्याची बातमी ऑगस्ट २०१३ मध्ये सोलच्या एका मोठ्या दैनिकानं दिली. मे २०१४ मध्ये ती टीव्हीवर दिसली आणि २०१८ च्या जानेवारीत हिवाळी ऑलिंपिकच्या आधी सभागृहं पाहायला स्वतः दक्षिण कोरियात आली.

आता तुझी मेट्रो. पर्यटकांना बरीच वर्षं फक्त दोनच स्थानकं दाखवत, म्हणून बाहेर पसरलं की दोनच स्थानकं चालू आहेत आणि प्रवासी म्हणून नट उभे करतात. पुढे परदेशी लोक बाकीच्या स्थानकांवरही फिरले. माणसं खरीच होती, कामावर निघालेली. इथवर तुझं बरोबर. पण शशी, प्याँगयांगात राहायला परवानगी लागते, आणि आजोबा कोण होते, कुणाच्या बाजूचे होते, याची नोंद पिढ्यान् पिढ्या चालत येते. तो व्हिडिओ चौथ्या मिनिटाला थांबवून बघ. पाठीवर बोचकं घेतलेली एक बाई रस्ता ओलांडते, गाइडचा हात पुढे येतो आणि कॅमेरा खाली वळतो. ती कुठून आली होती, हे व्हिडिओ काढणाऱ्या त्या प्रवाशानंही विचारलं नाही.

जी सोंग-हो हे नाव तुला माहीत नसेल. १९९६ च्या दुष्काळात हा पोरगा धान्याच्या बदल्यात विकायला चालत्या मालगाडीतून कोळसा चोरायचा. भुकेनं भोवळ येऊन रुळांवर पडला. डावा हात आणि पाय गेला. भूल न देता कापले. २००६ मध्ये कुबड्यांवर सीमा ओलांडून तो निसटला, २०१८ मध्ये अमेरिकी संसदेत त्यानं त्या कुबड्या उंचावून दाखवल्या आणि २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेवर निवडून आला. त्याच वर्षी किम काही आठवडे दिसला नाही, तेव्हा याच माणसानं सांगितलं, तो मेल्याची ९९ टक्के खात्री आहे. दुसऱ्याच दिवशी खत कारखान्याची फीत कापतानाचे किमचे फोटो आले. जीनं माफी मागितली. मग त्याचा पाय गेल्याचंही खोटं का? तुझ्या व्हिडिओखाली लोक नेमकं तेच म्हणत होते: हे पळून आलेले सगळे पैसे घेऊन बोलतात. राजवाड्यात काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? रुळांवरची भूक मात्र त्याला कळते. आम्ही त्याला नेहमी राजवाड्याबद्दलच विचारलं.

तुमच्या कोल्हापूरचे जनरल थोरात कोरियन युद्धानंतर, १९५३-५४ मध्ये, तिथे युद्धकैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय अभिरक्षक दलाचे प्रमुख होते, आठवतंय? मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते. एक बाजू म्हणे त्यांना धमकावलंय, दुसरी म्हणे त्यांनी स्वातंत्र्य निवडलंय. त्यातल्या ८८ जणांनी दोन्हीकडे जायला नकार दिला आणि ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. त्यांच्यावर मी आजवर एक ओळ लिहिली नाही.

जुन्या फाइलीतून ते कात्रण काढलंय. आमच्या तेव्हाच्या दैनिकाच्या आताच्या संपादकांना परवा पत्र टाकलं: इतक्या वर्षांनी का होईना, खुलासा छापा, आणि अहवालाच्या त्या चार ओळीही. त्यांचं उत्तर आलं की कळवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक