मधली वर्षे कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अफगाणिस्तानला अख्खे पान दिलेत, बरे वाटले. सालवार तक्ता तर फारच देखणा. फक्त त्यात 1989 ला रशियन सैन्य माघारी गेले की लगेच खालची ओळ 1996, तालिबान आले. मधल्या काळात काबूलला बहुधा सुट्टी असावी.

रशियाच्या पाठिंब्यावरचे अध्यक्ष नजीबुल्ला एप्रिल 1992 पर्यंत टिकले, तेही सोडून देऊ. पण त्यानंतर पेशावरला बसून मुजाहिदीन, म्हणजे रशियनांशी लढलेल्या, पक्षांनी खुर्च्या वाटून घेतल्या. अध्यक्षपदी मोजद्दिदी दोन महिने, मग रब्बानी चार महिने. चार महिन्यांचे हे रब्बानी डिसेंबर 2001 पर्यंत कागदोपत्री अध्यक्ष होते! आणि 1993 मध्ये या पक्षांत झालेल्या इस्लामाबाद करारानंतर पंतप्रधान झालेले, रब्बानींचे प्रतिस्पर्धी हिकमतयार? ते शहराबाहेर, दक्षिणेला चहार आसियाबच्या तळावर. बैठक असली की मंत्र्यांनी तिकडे जायचे. जानेवारी 1994 मध्ये याच पंतप्रधानांनी उत्तरेतले उझबेक सेनापती दोस्तम यांना हाताशी धरून स्वतःच्याच राजधानीवर हल्ला चढवला. तरी 1996 च्या उन्हाळ्यात रब्बानींनी त्यांनाच पुन्हा पंतप्रधान केले, आणि आल्या आल्या त्यांनी पहिले काय केले, तर बायकांनी काय नेसावे याचे फर्मान काढले. तालिबान अजून वेशीबाहेर होते तेव्हाची ही गोष्ट. काबूल मुख्यतः उद्ध्वस्त झाले ते या चार वर्षांत. आपल्या विद्वान लेखकांनी ती सगळी पडझड तालिबानच्या खात्यावर मांडली आहे. त्यांच्या नावावर स्वतःचे पुरेसे आहे हो, दुसऱ्याची उधारी कशाला चढवता?

मला हे एवढे का झोंबले ते सांगतो. त्या सुमारास आमच्या मागच्या खोलीत काबूलचा एक मुलगा भाड्याने राहत होता, पुण्यात शिकायला आलेला. त्याचे घर 1994 मध्ये रॉकेटने पडले, म्हणजे आपल्या तक्त्यातल्या सुट्टीत. घरची माणसे पेशावरला गेली. पुढे 27 सप्टेंबर 1996 ला तालिबानने काबूल घेतले आणि रब्बानी उत्तरेला गेले, आधी तालुकान, नंतर फैजाबाद. पण युनोतली खुर्ची त्यांच्याकडेच राहिली. तालिबानला मान्यता देणारे देश तेव्हा तीनच, पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि अमिराती. भारताने दिली नव्हती. त्यामुळे दिल्लीतला दूतावास रब्बानींचा, आणि या मुलाच्या पासपोर्टची मुदत वाढवून मिळाली तीही तिथूनच. अगदी कायदेशीर.

तो पासपोर्ट घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी शिक्का उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "तिकडचं सरकार बदललंय. नव्या सरकारचा शिक्का आणा."

मी म्हटले, "त्या सरकारला आपला देश मानत नाही."

"मग हे कुठलं सरकार?"

"हेच तर आपण मानतो. दिल्लीला विचारा."

"दिल्लीला तुम्ही विचारा, काका. आणि येताना तसं पत्र आणा."

ज्या सरकारच्या पंतप्रधानाने घर पाडले, त्याच सरकारचा शिक्का पुण्यात चालावा म्हणून तो पोरगा खिडकीपुढे हात जोडून उभा होता. त्या साहेबांना तरी काय बोलावे? त्यांनीही तेव्हा वर्तमानपत्र वाचूनच आपले मत बनवले असणार.

बरे, ही काही जुनीपुराणी गोष्ट नाही. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान पुन्हा आले, अध्यक्ष अशरफ घनी देश सोडून गेले, त्यांच्या सरकारकडे वीतभर जमीन उरली नाही, तरी त्यांचा दिल्लीतला दूतावास सप्टेंबर 2023 च्या अखेरीपर्यंत चालू होताच. तेव्हाही इथल्या अफगाण विद्यार्थ्यांना असेच कुठे कुठे पिटाळले गेले असेल, याची बातमी आपल्या शहर आवृत्तीत माझ्या तरी वाचनात आली नाही. नव्या उड्डाणपुलाचे फोटो मात्र रोज असतात.

तक्ता दुरुस्त करून छापावा, ही विनंती. कोपऱ्यात, बारीक टाइपात छापलात तरी चालेल.

आणि हेही पत्र अर्धे कापू नये. मागच्या खेपेला पीएमपीच्या थांब्यांवरचे माझे पत्र आपण असे संक्षिप्त केले की थांबे हलवल्याबद्दल मी महापालिकेचे आभार मानतो आहे असा अर्थ निघाला. सोसायटीतले लोक अजून विचारतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार
कर्वेनगर, पुणे