रात्रीच्या भाऊंना, उशिरा लिहिलेलं पत्र

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. चारचौघांत नाव आलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे बाबांजवळच्या तुमच्या चौदा महिन्यांच्या रात्रपाळीत कळलंय.

परवा बाबांचं कपाट आवरताना तुमची वही सापडली. कव्हरवर खोबरेल तेलाचे डाग. बाबांना दर दोन तासांनी वळवायचं म्हणून तुम्ही वेळा टिपायचे. दहाला डावी कूस, बाराला पाठ, दोनला उजवी, चारला पुन्हा डावी. 91 वर्षांच्या माणसाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, तरी बाबा गेले तेव्हा पाठीवर एक जखम नव्हती. एकदा घरी आलेल्या डॉक्टरांनी पाठ बघून विचारलं होतं, "कोण करतं यांचं?" दादा पटकन म्हणाला, "आम्हीच." तुम्ही तिथेच बाबांची वाटी विसळत होते. मीही काही बोलले नाही.

पहिले काही दिवस मी बाबांशी भांडायचे, ते तुम्ही बघितलंय. रात्री अकराच्या सुमारास ते उठून बसायचे, पाय खाली सोडायचे आणि विचारायचे, "इतवारीले गाडी लागली का?" मी शहाणी. समजावत बसायचे की बाबा, इतवारी स्टेशनातून सुटणारी नागभीडची छोटी गाडी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली, आता तिथे मोठी लाईन होऊन राहिली. मग ते चिडायचे, हात झटकायचे, आणि रात्रभर कोणालाच झोप नाही. तुम्ही आले त्या तिसऱ्या रात्री मी दाराआडून ऐकलं. "लागली जी. पण इंजिन पाणी घेऊन राह्यलं अजून. पडा घडीभर." बाबा पडले! मग तुम्ही हळूहळू स्टेशनं घ्यायला लागले. कुही, उमरेड, भिवापूर. तुमचं गाव भिवापूरकडचं, लहानपणी त्याच गाडीनं मिरचीची पोती घेऊन नागपूरला यायचे, हे मला नंतर कळलं. उमरेड यायच्या आत बाबा घोरायला लागायचे.

बाबा मोतीबाग वर्कशॉपमध्ये सुतार. अडीच फुटी लाईनचे डबे दुरुस्त करायचे. 1953 ला लागले, 1990 ला निवृत्त झाले. बीएनआर, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे, हे नाव ते लागायच्या आधीच कागदावरून गेलं होतं, पण सांगताना शेवटपर्यंत "मी बीएनआरचा". त्यांच्या वर्कशॉपच्या आवारात पुढे रेल्वेचं संग्रहालय झालं, तिथे नेलं तर म्हणाले, "डबे उभे करून ठेवले, यात काय पाहाचं?" आणि दहा मिनिटांत बाहेर.

पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचे. काका अचानक गेले तेव्हा त्यांची दोन मुलं बाबा सायकलवर बसवून घरी घेऊन आले. एक पुढे दांडीवर, एक मागे कॅरियरवर. आम्ही तीन होतो, पाच झालो. शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव सोडलं, तर फरक कुठेच दिसला नाही. मारही सारखाच पडायचा, तेही सांगायला हवं. रागीट होते. सिनेमाला कधी नेलं नाही, "अंधारात बसाचे पैसे कायले द्याचे" म्हणायचे. पण तान्ह्या पोळ्याआधी, म्हणजे मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाआधी, महिनाभर ओसरीवर रंदा चालायचा. वर्कशॉपमधले सागाचे टाकाऊ तुकडे रीतसर पैसे भरून आणायचे, पावत्यासुद्धा त्याच कपाटात निघाल्या. पाच मुलांचे पाच बैल, पुढे सहा नातवंडांचे सहा. आईचे गुडघे गेल्यावर पोळ्या तेच लाटायला लागले, आणि पोळपाट डुगडुगतो म्हणून पहिल्याच आठवड्यात नवा करून टाकला.

त्या लाकडी बैलांतल्या एकाचं चाक निघालं होतं. एका सकाळी बघते तर चाक जागेवर, फेविकॉल अजून ओला. बाबांनी पडल्या पडल्या सांगितलं आणि तुम्ही बसवलं. नऊ वाजेपर्यंत बाबा विसरले. तुम्हीही सांगितलं नाही.

आता वहीतलं ते पान. 22 सप्टेंबर 2023, शुक्रवारची रात्र. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली, ती रात्र. आपल्या गल्लीत पाणी आलं नाही, पण लाईट गेली, आणि लाईट गेली की हवेच्या गादीचा पंप बंद, गादी चपटी. त्या पानावर दोन तासांच्या जागी दर तासाच्या नोंदी आहेत. बारा, एक, दोन, तीन. सकाळी आठला तुमची सुट्टी व्हायची, तर नऊ, दहा, अकरा, त्याच अक्षरात, संध्याकाळपर्यंत. दिवसाच्या ताईंच्या घरातच पाणी होतं, त्या येणार कशा? मी पुण्याला, दादा मुंबईला अडकलेला, वहिनी एकटी. शनिवारची रात्रपाळी तर तुमचीच. म्हणजे सलग छत्तीस तास, भाऊ.

महिनाअखेरीला हिशेब मी केला. ताईंचा एक खाडा मांडला, तुम्हाला नेहमीचा पगार दिला. त्या शनिवारचे पैसे आमच्याकडेच राहिले. तुम्ही मागितले नाहीत, आम्हाला सुचलं नाही. लाज वाटते लिहिताना, पण लिहायचं ठरवलंय.

ते पैसे पाकिटात घालून ठेवलेत. फोनवर तुम्ही "राहू द्या नं ताई" म्हणणार, म्हणून फोन केला नाही. येत्या तान्ह्या पोळ्याला लेकीला घेऊन या. वहिनी पुडाच्या वड्या करणार आहे. तुम्ही चाक बसवलेला तो बैल तुमच्या लेकीसाठी पुसून ठेवलाय. चाक पक्कं आहे, फक्त जरा डावीकडे ओढतं.

तुमची,
पुण्याची ताई