आयर्लंड बसच्या खिडकीतून उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीतल्या परदेश सहलींवरचा लेख वाचला. त्यात आयर्लंडच्या वाट्याला आलंय काय, तर डब्लिन, एका दिवसात मोहेरचे कडे, परत डब्लिन आणि पुढे लंडन. मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं गॉलवेत राहते, आणि आपल्याकडून येणारे पाहुणे नेमकं हेच करून जातात म्हणून अगदी राहवलं नाही. 2017 साली लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले तेव्हा सगळ्या मराठी पेपरांनी त्यांच्या वडिलांकडच्या मूळ गावावर, मालवण तालुक्यातल्या वराडवर, भरभरून लिहिलं होतं, ते आम्ही इथे बसून कौतुकाने वाचलं. पण तेच वराडकर त्याआधी पर्यटनमंत्री होते आणि त्यांच्याच काळात, 2014 मध्ये, पश्चिम किनाऱ्याने जाणारा 2,500 किलोमीटरचा वाइल्ड अटलांटिक वे सुरू झाला, हे फारसं कुणी लिहिलं नाही. खरं आयर्लंड त्या रस्त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत आहे हो.

आधी त्या एका दिवसाच्या सहलीचं बोलते. डब्लिनहून मोहेर म्हणजे जायलाच साडेतीन-चार तास, यायला तेवढेच, आणि मधे कड्यांवर मिळतात दीड-दोन तास, त्यातला निम्मा वेळ पार्किंग, टॉयलेट आणि फोटोत. 214 मीटर उंच कडे, खाली अटलांटिक आपटतोय, मे-जूनमध्ये कपारींत हजारो समुद्रपक्षी, आणि आपण घड्याळ बघत उभे! त्यापेक्षा डूलिन किंवा लिस्कॅनर गावात मुक्काम करा, गॉलवेहून 350 नंबरची सरकारी बस थेट डूलिनला आणि कड्यांवर जाते, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. फक्त एक काळजीने सांगते, डूलिन-लिस्कॅनर अशी कड्यांच्या काठाने जी पायवाट आहे तिचे काही भाग 2024 मध्ये जीवघेण्या अपघातांनंतर बंद केले गेले, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा, आणि कुंपण ओलांडून सेल्फी घ्यायला कृपा करून जाऊ नका, तिथला वारा माणसाला ढकलतो.

आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावर बरेन आहे, ज्याचं नावसुद्धा आपल्या लेखांत येत नाही. नजर जाईल तिथवर करडा चुनखडीचा दगड, साधारण 33 कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला. लांबून बघितलं तर वाटतं इथे काही उगवतच नसेल, पण जवळ जाऊन वाका, दगडांच्या भेगाभेगांतून फुलं आलेली असतात, आणि बर्फाळ प्रदेशातली झाडं आणि भूमध्य समुद्राकडची झाडं एकमेकांना खेटून वाढतात. मे महिन्यात जेन्शियनचं छोटंसं गडद निळं फूल येतं, मी आजवर इतका निळा रंग कुठे पाहिला नाही. हे सगळं टिकलंय ते गुरांमुळे! बाकी ठिकाणी गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथले शेतकरी हिवाळ्यात नेतात, कारण खालची जमीन चिखल होते आणि वरचा दगड कोरडा राहतो, उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो. मग गुरं वाळकं गवत आणि माजलेला पाला खाऊन टाकतात आणि वसंतात फुलांना उजेड मिळतो. बरेन नॅशनल पार्कला तिकीट नाही, रंगांच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, छोट्या मुलांसाठी छोटी आणि चालणाऱ्यांसाठी मुलाघमोर टेकडीवरून जाणारी लांब. बूट मात्र चांगले हवेत, पाय भेगेत अडकतो.

ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी मेयो काउंटीतला ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे आहे. वेस्टपोर्ट ते अकिल, 42 किलोमीटर, 1937 साली बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर चालण्या-सायकलींसाठी केलेला रस्ता. रेल्वेची वाट असल्यामुळे मोठा चढ कुठेच नाही. सायकल भाड्याने मिळते, इलेक्ट्रिक पण मिळते, दुकानवालेच गाडीने अकिलला सोडतात आणि आपण पाठीवर वारा घेऊन परत यायचं, नाहीतर न्यूपोर्टपर्यंतचाच तुकडा करा, माझ्या सासूबाईंनी साठीनंतर केलाय. एका बाजूला क्लू बे या उपसागरातली बेटं, समोर 764 मीटरचा क्रोह पॅट्रिक डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे हजारो लोक चढतात, काहीजण अनवाणी, सुट्या दगडांवरून, आणि ते बघताना मला दरवर्षी आपली वारी आठवते.

आता महत्त्वाचं. हा ग्रीनवे काय किंवा इतर कित्येक पायवाटा काय, शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातात. इथे कुठेही मोकळं फिरायचा कायदेशीर हक्क नाही, मालकांनी परवानगी दिली म्हणून वाट आहे, आणि 2008 पासून सरकारी योजनेतून शेतकऱ्यांना वाटेची देखभाल करण्याचे पैसेही मिळतात. म्हणून फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. मेंढ्यांच्या मागे पोरांना पळू द्यायचं नाही. कुणीतरी ड्रोन उडवून कळप उधळतो आणि मग ती वाट सगळ्यांसाठीच बंद होऊ शकते, हे खरंच मनावर घ्या.

गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा भागात गेलात तर बॅलिनाहिंचचा वाडा नक्की बघा. आपली रणजी ट्रॉफी ज्यांच्या नावाची ते रणजितसिंहजी, नवानगरचे जामसाहेब, यांनी 1924 साली हा वाडा विकत घेतला आणि पुढे जवळजवळ दर उन्हाळ्यात सामन मासे धरायला इथे यायचे. आता तिथे हॉटेल आहे, नदीकाठची वाट सुरेख आहे. किलार्नीबद्दल सगळे लिहितातच, 1932 चं देशातलं पहिलं नॅशनल पार्क, घोडागाड्या, हरणं, सुंदर आहे पण गर्दीही तिथेच.

गाडी घेणार असाल तर आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, पण खेड्यातले रस्ते इतके अरुंद की मधोमध गवत उगवलेलं असतं, आणि फेब्रुवारी 2025 पासून अशा गावरस्त्यांवर मर्यादा ताशी 80 वरून 60 केलीय. समोरून गाडी आली की एकाने थांबायचं, आणि दुसरा स्टिअरिंगवरून बोट उचलून दाद देतो, तुम्हीही द्या. छत्री आणू नका, उलटी होते, रेनकोट आणा. आणि घरातल्या ज्येष्ठांना पबमध्ये जायचा संकोच वाटतो तो सोडायला सांगा, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत लहान मुलंसुद्धा आई-वडिलांबरोबर बसतात, कोपऱ्यात फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बासरी चालू असते, भाजीचं सूप आणि सोडा ब्रेड बऱ्याच ठिकाणी मिळतो, दारू घ्यायलाच हवी असं काही नाही. डोंगरात किंवा समुद्रावर अडचण आली तर 112 नंबरला फोन करा.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी एकाच काउंटीवर, मोहेर आणि बरेन जिथे आहेत त्या क्लेअरवर किंवा मेयोवर, अख्खं पान द्या. आपल्या शाळांची मेची सुट्टी आणि बरेनची फुलं एकाच वेळी येतात. शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, वेगळा काढावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात, त्यामुळे ते पान फेब्रुवारीतच छापलं तर लोकांना उपयोग होईल. माहिती लागली तर मी आनंदाने पाठवीन.

आपली,
एक वाचक, गॉलवे, आयर्लंड